मोजणीतून सुटलेली मुलगी

भूगोलाचे प्राध्यापक विश्वनाथराव यांना साऱ्या जगाची लाज वाटे, फक्त स्वतःच्या घराची वाटत नसे. असला एखादा विद्वान, वाचकहो, तुमच्याही गल्लीत असेलच.

१९७४ सालची गोष्ट. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या वाचनालयात त्यांचे व्याख्यान ठरले होते. विषय होता, केनिया आणि इथियोपिया या दोन देशांतल्या शाळेच्या वयाच्या मुली. आठवडाभर घरात मोठ्या आवाजात तालीम चालली होती. इथियोपियात अशा मुली केनियापेक्षा कितीतरी जास्त, पण शाळेचे तोंड पाहणाऱ्या फार थोड्या. बाकीच्या पाणी वाहतात, भावंडे सांभाळतात. एवढे बोलून झाले की ते नाक मुरडत, "अडाणी लेकाचे! पोरी जन्माला घालतात त्या राबवायला," म्हणत आणि चहा मागवत.

चहा शामला आणायची. नरखेडकडे शेती करणारे थोरले भाऊ बाबाराव, त्यांची ही मुलगी. चौथी पास झाल्यावर नागपुरात शिकेल म्हणून त्यांनी तिला धाकट्या भावाच्या हवाली केले होते. त्याच वर्षी विश्वनाथरावांच्या घरी पाळणा हलला. पुष्पलताकाकूंना हाताखाली कोणीतरी हवेच होते. शाळा पुढच्या जूनवर गेली. तो जून आला नि गेला, त्याच्या पुढचाही गेला. शामला नळावरून पाणी भरत राहिली.

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी काटोलहून थोरली बहीण यमुताई आली. ती तिथल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. भावाने तिला समोर बसवून सारे भाषण ऐकवले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले आणि पदराने चष्मा पुसला.

"मले एक सांग गा, विश्वनाथ. आपली शामला तू कोन्या देशात मोजली?"

विश्वनाथराव उखडले. ती घरचीच पोर आहे, तिला कोणी मोलकरीण म्हणून ठेवलेले नाही, पोटभर जेवते, सणाला कपडा मिळतो, आणि त्या देशांची गोष्टच वेगळी, असे बरेच काही ते बोलले.

"तिथला बापही हेच म्हनत असन," यमुताई म्हणाली. "त्याले निदान अक्षर येत नाही. तू शिकूनसवरून हे करून राहिला, अन् वरून त्याले नावं ठेवून राहिला!"

शामला दारात उभी होती, बाळ कडेवर. रोज ऐकून ऐकून भाषण तिला पाठ झाले होते. वर्गात अवघड प्रश्न यावा नि उत्तर नेमके आपल्यालाच यावे, तशी ती हरखली.

"मले येते उत्तर, आत्या. इथियोपियात."

तिला टोमणा मारायचा नव्हता. टोमणा असता तर विश्वनाथरावांनी तो परतवला असता.

व्याख्यान झाले, पण 'अडाणी' हा शब्द त्यात आला नाही. दुसऱ्या दिवशी ते शामलाला शाळेत घेऊन गेले. पाचवीत तिच्या खांद्याला लागणारी पोरे होती; तिला त्याचे काही वाटले नाही. काकू बरेच दिवस घुश्शात होत्या, कारण नळावर आता प्राध्यापकांनाच जावे लागे. खुशाल जावे!

मित्रहो, परमुलखातल्या मुली जरूर मोजा. पण मोजणी आपल्या स्वयंपाकघरापासून सुरू करा. नाहीतर तिला अभ्यास म्हणू नये. ती निव्वळ चहाडी.