उताणी पडणारी तबकडी

मित्रांनो, मैदानाच्या कुंपणाशी मला पडलेली पाहिलीत, तर कुणाची तरी ताटली राहून गेली असे म्हणून तुम्ही पुढे जाल. तुमचा दोष नाही. माझा निळा रंग विटला आहे आणि कडेला एका कुत्र्याच्या दातांच्या खुणा आहेत. पण मी ताटली नव्हे. मी एक म्हातारी फ्रिस्बी आहे, आणि माझ्यापायी एक निवडणूक दोनदा घ्यावी लागली होती.

कारखान्यात गरम प्लॅस्टिक साच्यात शिरले, साचा उघडला आणि मी बाहेर आले. वजन एकशे पंचाहत्तर ग्रॅम, पाठ गुळगुळीत, कड गोल. तिथून मी थेट या गावच्या अल्टिमेट फ्रिस्बी लीगमध्ये दाखल झाले. खेळ सोपा आहे. सात-सात जणांचे दोन संघ. मला हातात धरून पळायचे नाही, फक्त फेकायचे, आणि समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसाने मला झेलले की एक गुण. या खेळात पंच नसतो. धक्का लागला की खेळाडूंनीच सांगायचे, ज्याने मारला त्याने कबूल करायचे. मिटले नाही तर मी शेवटच्या फेकणाऱ्याकडे परत जायचे आणि तिथून खेळ पुन्हा सुरू. एरवी भाजीच्या रांगेत हमरीतुमरीवर येणारी माणसे इथे निमूटपणे "माझी चूक" म्हणताना मी पाहिली आहेत.

तीन अंतिम सामने मी खेळले. लोक टाळ्या खेळाडूंना देत, पण मी त्या आपल्याच समजत असे.

मग एका दुपारी लीगमध्ये खेळणाऱ्या आमच्या ताई मला मोटारीच्या मागच्या काचेखाली विसरून गेल्या. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. त्यांच्या हातून भिंगाचा कोन केसभरही चुकत नाही, पण मला मात्र त्या भर उन्हात विसरल्या. संध्याकाळपर्यंत माझी पाठ खचली. तेव्हापासून मी सरळ उडत नाही, आणि कशीही भिरकावली तरी तोंड वर करून उताणीच पडते. सामन्यांतून माझी हकालपट्टी झाली. ताईंना इतके वाईट वाटले की त्यांनी मला रविवारच्या तासाला नेले.

हा तास नवशिक्यांचा. सकाळी सात ते आठ. तिथे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आलेल्या ताईंच्या सासूबाई होत्या, दिवसभर खुर्चीत बसणारा शिंपी होता, शाळेत कुठल्याच संघात न घेतलेल्या मुली होत्या. माझ्या वाकड्या चालीचे तिथे कुणाला काही नव्हते, कारण त्यांचीही फेक वाकडीच जायची. मी डावीकडे वळले की सगळे हसत डावीकडे धावायचे. खरे सांगते, अंतिम सामन्यांतही मला इतकी मजा आली नव्हती.

आणि नेमका हाच तास बंद होणार, अशी कुणकुण लागली. मोठी स्पर्धा तोंडावर आली होती आणि पहिल्या संघाला सरावासाठी मैदान हवे होते. लीगच्या कार्यकारिणीत एक जागा रिकामी होती. पहिल्या संघाचे कप्तान, ज्यांना सगळे दातांचे डॉक्टर म्हणून ओळखत, त्या जागेसाठी उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध कोण, तर आमच्या ताई. तास गेला असता तर माझी रवानगी सरळ कचऱ्यात होती, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता.

ताईंचा प्रचार म्हणजे एक गंमतच होती. त्या मत मागायला जायच्या आणि समोरच्याच्या चष्म्याचे स्क्रू आवळून परत यायच्या. मताचा विषय निघायचाच नाही. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, या बाईने गावाची नजर सुधारली, पण स्वतःचे नाव काही सांगितले नाही.

मतदान झाले क्लबच्या खोलीत, ओल्या बुटांच्या वासात. अध्यक्ष होते निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी चिठ्ठ्या दोनदा मोजल्या. सत्तावीस आणि सत्तावीस.

बरोबरी झाली की आमच्यात नाणे उडवत नाहीत, तबकडी उडवतात. पालथी की उताणी, एवढेच सांगायचे. नव्या तबकड्यांच्या खोलीची किल्ली सापडेना. तेवढ्यात सासूबाईंनी ताईंच्या पिशवीत हात घातला आणि मला काढून पोस्टमास्तरांच्या हाती दिले. डॉक्टर मोठ्या मनाने म्हणाले, कौल ताईंनीच सांगावा.

ताईंनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मी मनातल्या मनात ओरडत होते, उताणी म्हणा, उताणी म्हणा.

"उताणी," ताई म्हणाल्या.

मी हवेत गेले, दोन गिरक्या घेतल्या आणि पडले. अर्थातच उताणी. रविवारची मंडळी नाचू लागली. शिंप्याने तर कुणाला तरी उचललेच. आणि त्या गोंधळात ताईंनी, मैदानावर उंचावतात तसा, हात वर केला.

"फाउल," त्या म्हणाल्या. "माझाच. ही तबकडी वाकडी आहे. उताणीच पडते. मला माहीत होतं, आणि तरी मी बोलले."

शिंप्याने उचललेल्याला खाली ठेवले. मग सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माहीत मलाही होतं. म्हणून तर नेमकी हीच काढून दिली."

आधी पोस्टमास्तर हसले, मग डॉक्टर, मग सगळी खोली. ताईंचे डोळे मात्र भरून आले होते. जिंकलेला तास त्यांनी आपल्या हाताने घालवला होता. हसू ओसरल्यावर पोस्टमास्तरांनी घसा साफ केला आणि म्हणाले की नियम सगळ्यांना पाठ आहे. फाउल झाला की शेवटच्या फेकीपासून पुन्हा खेळायचे, आणि इथली शेवटची चांगली फेक म्हणजे मतदान. चिठ्ठ्या पुन्हा वाटा.

दुसऱ्या वेळी ताईंना चौतीस मते पडली आणि डॉक्टरांना वीस. डॉक्टर उठून त्यांच्यापाशी आले.

"त्या चौतिसात एक माझं आहे," ते म्हणाले. "जिथं आपली चूक अशी कबूल करायला शिकवतात, तो तास बंद करून मी कुठला चषक आणणार होतो? आम्ही सहा वाजता येऊ सरावाला."

त्या आनंदात कुणीतरी सुचवले की मला भोक पाडून क्लबच्या भिंतीवर लावावे, खाली दोन ओळी लिहाव्यात. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला. भिंतीवरून नुसते बघत राहायचे? पण कार्यकारिणीवर गेल्यावर ताई पहिले वाक्य बोलल्या ते माझ्यासाठीच होते. "तिला टांगू नका," त्या म्हणाल्या, "रविवारी लागते."

तर मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात एखादी जुनी, जराशी बिघडलेली वस्तू असेल, तर तिची धूळ पुसा, पण तिला शोभेला ठेवून निवृत्त करू नका. तिच्याजोगे काम शोधा. नक्की सापडेल. आणि मला भेटायचे असेल, तर रविवारी सकाळी सातला मैदानावर या. सासूबाई मला फेकतील. मी वाकडी जाईन. तुम्ही धावा.