बाल्कनीतले कपडे

सृष्टीने फ्लॅटच्या बुकिंगचा दोन लाखांचा चेक लिहून आणला होता. फक्त सही राहिली होती. बिबवेवाडीच्या पुढे, बिल्डरच्या ऑफिसात माझी ही मुलगी, जावई आमोद आणि मी बसलो होतो. शेजारच्याच टेबलावर बँकेचा माणूस.

"सहा वाजता भाव वाढणार," बिल्डरकडची बाई म्हणाली. "पहिली इमारत तर पूर्ण विकली गेली."

ती इमारत खिडकीतून दिसत होती. मी बाल्कन्या मोजल्या. अठ्ठेचाळीस. कपडे वाळत होते ते सहा ठिकाणी.

"बाकीचे लोक कपडे धुवत नाहीत का?"

"इन्व्हेस्टर आहेत, काका. वर्षभरात विकतात."

"कुणाला?"

"दुसऱ्या इन्व्हेस्टरला."

मंडईत मी चाळीस वर्षं लसूण विकतो. एका वर्षी आडत्याने सगळ्यांना उधारीवर पोती दिली. पैसे लगेच द्यायचे नव्हते, म्हणून ज्याला दोन लागत, त्यानेही दहा उचलली. भाव चढला, खाणारी तोंडं मात्र तेवढीच. दिवाळीनंतर आडत्याने पैसे मागितले, सगळ्यांनी एकदम माल काढला, आणि माझ्याकडच्या लसणाला कोंब फुटले.

मी बँकेच्या माणसाकडे वळलो. "आज व्याज सात टक्के. नऊ झालं, तर हप्ता वाढेल?"

"हप्ता तेवढाच राहतो, काका. टेन्शन नाही."

"मग वाढतं काय?"

"वर्षं."

"किती?"

त्याने मोबाईलवर आकडे मारले. पुन्हा मारले. "वीसची अडतीस."

सृष्टीचं पेन थांबलं. "मी एकोणतीसची आहे."

"म्हणजे सदुसष्ट. माझ्याएवढी. गुडघे धरून हप्ते भरशील."

"पण अण्णा, भाव वाढतच गेला, तर पुन्हा कधीच जमणार नाही."

"वाढेलही. मला कळत असतं, तर लसणाला कोंब फुटले असते का?"

तिने चेक घडी करून पर्समध्ये ठेवला.

समोर रस्त्यापलीकडे एक जुनी सोसायटी होती. तिथे एकही दोरी रिकामी नव्हती. आम्ही रस्ता ओलांडला. तिथला वॉचमन पोपट म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरच्या हेमाताई नाशिकला मुलाकडे चालल्यात, घर विकायचंय. किंमतही त्यानेच सांगितली. आमोदने तिथेच हिशोब केला, तोही नऊ टक्क्यांनी. कर्ज निम्मं, बारा वर्षं.

"लिफ्ट नाही," तो म्हणाला.

"अजून गुडघे चांगले आहेत," सृष्टी म्हणाली आणि जिना चढू लागली.

हेमाताईंनी दार उघडलं. "बघायला पैसे पडत नाहीत. चपला मात्र बाहेर."

सृष्टी सरळ बाल्कनीत गेली. वाळत घातलेली साडी बाजूला सारून तिने दोरी ओढून पाहिली.