गुडविल उतरल्याचे कारण

“मामा, कारण लिहावंच लागतं. नुसता आकडा कमी करून भागत नाही,” संगमेश म्हणाला आणि त्याने भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावला.

“कशाचं कारण?” चनमल्लप्पांनी विचारले.

“गुडविलचं. कंपनीनं तुमचा टॉवेलचा कारखाना घेतला तेव्हा शेड आणि मागांच्या किमतीवर जास्तीचे पैसे दिले की नाही? ते ‘चनमल्ल छाप’ या नावाचे. ते नाव आमच्या हिशेबात मालमत्ता म्हणून बसलंय. दरवर्षी तपासायचं, अजून तेवढं चालतंय का. यंदा नाही चाललं. मग किंमत उतरवायची, आणि कशामुळं उतरली ते अहवालात उघड सांगायचं. नियमच हाय तसा.”

“म्हणजे खरं सांगायचं,” दानम्मा म्हणाल्या.

“व्हय की मामी. म्हणून तर आलो. मामांएवढं कुणाला ठाऊक?”

कारखाना विकल्यापासून चनमल्लप्पांना कुणी काही विचारले नव्हते. आणि आज विचारणारा हा, बहिणीचा मुलगा. याच घरात राहून तो बी.कॉम. झाला होता आणि कारखान्याच्या विक्रीबरोबरच कंपनीत अकाउंट्सला लागला होता. त्यांना बरे वाटले. ते बोलू लागले.

“तुमच्या सायबांनी सूत हलकं केलं, संगमेश. दोन धुण्यांत टॉवेल जाळीवानी हुतोय. आदी लोक नाव बघून घेत व्हते. आता नाव बघून ठेवून देत्यात.”

संगमेश मान हलवत मोबाइलवर टिपून घेत होता. तेवढ्यात चनमल्लप्पांना वाटले, आपण जरा जास्तच बोललो. भाचा जेवतो आहे आणि आपण त्याच्या मालकांना नावे ठेवतो आहोत. समोरच्याला बोल लावला की थोडा आपल्याकडेही घ्यायचा, ही त्यांची जुनी सवय.

“तसं सारा दोष त्यांचाच कसा म्हणावं? माजं बी वय झालं. पयल्यावानी फिरणं हुईना. जोडलेली माणसं मीच सोडली म्हण की.”

दानम्मांनी त्यांच्याकडे पाहिले. व्यापाऱ्यांकडे फिरू नका, आता नवी मुले नेमली आहेत, असे कंपनीनेच त्यांना सांगितले होते. पण भाचा जेवत होता. त्यांनी संगमेशला आणखी आमटी वाढली.

पावसाळा सरताना अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर आला. चनमल्लप्पांची मुलगी श्रीदेवी शाळेत इंग्रजी शिकवते. तिने तो मोबाइलवर उघडला, बरीच पाने सरकवली आणि एका जागी थांबली.

“वाच की.”

“अप्पा, यात लिहिलंय, संस्थापकांचं वय झालं, त्यांनी बाजारातून अंग काढून घेतलं, त्यामुळे जुने व्यापारी तुटले. म्हणून नावाची किंमत शून्य केली.”

“आणि सूत?”

“सुताचं काही नाही.” तिने पान आणखी सरकवले. “शेवटी लिहिलंय, ही माहिती खुद्द संस्थापकांनी दिली आहे.”

दुसऱ्या दिवशी चनमल्लप्पा रिक्षा करून अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेले. संगमेशच्या केबिनला काचा होत्या.

“सूत हलकं केलं ते कुटं गेलं?”

“मामा, हळू. बाहेर लोक आहेत.”

चनमल्लप्पांनी आवाज मुळीच चढवला नव्हता.

“मी लिहिलं होतं,” संगमेश म्हणाला. “साहेबांनी विचारलं, हा निर्णय कुणाचा म्हणून सांगणार? आता त्यांना कोण उत्तर देणार? तुमचं वाक्य मात्र सगळ्यांना पटलं. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं.”

“कुणाचंच?”

“म्हणजे... तुम्हाला आता कोण काय करणार मामा? माझी नोकरी आहे. आणि तुम्हीच म्हणालात की. मी माझ्या मनचं काय घातलं न्हाय.”

“म्हणालो व्हतो. ताटावर बसलेल्या भाच्याला म्हणालो व्हतो. कंपनीला न्हाय.”

संगमेशने चहाचा कप पुढे सरकवला. चनमल्लप्पांनी त्याला हात लावला नाही. क्षणभर त्यांना असेही वाटले, की कोण जाणे, लिहिले तेच खरे असेल. आपणच माणसे सोडली असतील. ते उठले आणि बाहेर आले.

गोदामापाशी एक टेंपो उभा होता, शेजारी टॉवेलचे गठ्ठे रचलेले होते. विजयपूरचा जुना व्यापारी गुरप्पा ताडपत्री सोडत होता. त्यांना पाहताच तो धावत आला आणि वाकून पाया पडला.

“अण्णा! तुमी अंथरुणावर हाय म्हणत्यात की!”

“कोण म्हणतंय?”

“हितलीच पोरं. मी आता माल उचलायचं सोडलंच व्हतं. सायबांनी लई फोन केले म्हणून बघायला आलो.” तो मोकळा हसला. “पण तुमीच हितं हाय म्हटल्यावर काय बघायचं? भरू का?”

चनमल्लप्पा समोर असताना गुरप्पाने कधी गठ्ठा उघडून पाहिला नव्हता. मालावर नाव असे आणि त्या नावाचा माणूस शेजारी उभा असे. तेवढे त्याला पुरत असे.

“भरा की शेठ!” मागून संगमेशचा आवाज आला. तो केबिनमधून बाहेर येऊन पायरीवर उभा होता. “मामा हायत की हितं. अजून काय पायजे?”

चनमल्लप्पांनी मागे वळून पाहिले नाही. पुढ्यातल्या गठ्ठ्यावर त्यांचे नाव निळ्या शाईत छापलेले होते.

“उघडून बग, गुरप्पा.”

“काय अण्णा, चेष्टा करता व्हय?”

“न्हाय. उघड.”

गुरप्पाचे हसू गेले. त्याने एकदा पायरीकडे पाहिले, एकदा अण्णांकडे, आणि खिशातून पाते काढले. पण त्याचा हात पुढे होईना. तेव्हा चनमल्लप्पा गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले. त्यांनी दोन बोटे घालून सुतळी वर उचलली आणि कापायला सोपे जावे म्हणून ताणून धरली.