कढीपत्त्यावरचा कुलूपबंद शोधनिबंध

मी एक शोधनिबंध बोलतोय. अकरा पानं, चार आलेख आणि दारावर भलंमोठं कुलूप.

माझा जन्म न्यू जर्सीत, पिस्कॅटवेजवळच्या विद्यापीठात झाला. विषय असा: कुंडीतला कढीपत्ता थंडीत पानं का गाळतो? पैसा सरकारी अनुदानाचा, म्हणजे लोकांच्या करातला. माझी लेखिका प्रीता इथेच जन्मलेली. तिने तीन हिवाळे काचघरात बसून पानं मोजली. दोन प्राध्यापकांनी मला फुकट तपासलं. मग संशोधन मासिक काढणाऱ्या एका खासगी कंपनीने प्रीताकडून माझे हक्क लिहून घेतले, माझ्या पानांवर आकडे घातले आणि पाटी लावली: वाचायचं असेल तर बेचाळीस डॉलर. दोन वर्षांत मला नऊ वाचक लाभले. त्यांत सहा वेळा प्रीताच होती.

यंदा जानेवारीत गुरुनाथ काका माझ्या दाराशी आले. ते मूळचे नागपूरचे, इथे आयटीत. त्यांनी पंधरा वर्षं जपलेल्या कढीपत्त्याची सगळी पानं गळली होती. भेटेल तो सल्ला देई आणि काका तो पाळत. रोज आंबट ताक, रोज कोमट पाणी. शेवटी सुवर्णा काकूंनी रविवारी तो खराटा कचऱ्यात टाकायचं ठरवलं.

काकांना माझा फक्त सारांश वाचता आला. त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'उपाय निबंधात दिले आहेत.' अहो, पाणी थांबवा, असं मी आतून जीव तोडून सांगत होतो, पण ऐकणार कोण?

"टॅक्स मी भरला," काका काकूंना म्हणाले, "आता तिकीटही मीच काढू?"

त्यांनी प्रीतालाच ईमेल केला, झाडाचे सात फोटो आणि ताकाचं प्रमाण जोडून. गंमत म्हणजे प्रीतालाही मी उघडेना. विद्यापीठाने त्या मासिकाची वर्गणी बंद केली होती. मग तिने लॅपटॉपमधला माझा कच्चा खर्डा धाडला. सोबत लिहिलं, "काका, प्लीज ताक आणि पाणी दोन्ही स्टॉप करा. झाड मेलं नाहीये, इट्स जस्ट स्लीपिंग. आणि थँक यू. हा पेपर आजपर्यंत कुणी मागितलाच नव्हता."

शनिवारी ताक आणि पाणी दोन्ही थांबलं. रविवारी काका कुंडीला पाठ लावून बसले आणि काकूंनी माघार घेतली. एप्रिलमध्ये पालवी फुटली. आता काका त्या झाडाची रोपं ओळखीपाळखीत वाटतात आणि प्रत्येक रोपासोबत माझा खर्डा देतात, तोही ऑफिसच्या प्रिंटरवर छापून.

मी मात्र अजून आतच आहे. वाचकहो, तुमच्या पैशांवर वाढलेला माझा एखादा भाऊबंद असा अडकलेला दिसला, तर पाटी बघून परत फिरू नका. लेखकाला दोन ओळी लिहा. कुणीतरी मागेल म्हणून तो बिचारा केव्हाचा वाट बघतोय.