एका वाक्यातल्या दोन भाषा

कौसल्या धारवाडच्या मळमड्डीत राहायची आणि घरूनच 'ओसरी' चालवायची. ओसरी म्हणजे हुबळी-धारवाडच्या लोकांची ऑनलाइन गप्पांची जागा. अशा जागा निपाणी, सांगली, पुण्यातही होत्या. प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा, कारभार वेगळा, पण सगळे एकमेकांना जोडलेले. हुबळीत लिहिलेलं सांगलीत वाचता यायचं, तिथूनच उत्तर देता यायचं.

सगळ्यांचं सॉफ्टवेअर मात्र पुण्याची जागा चालवणारा श्रीकांत आणि त्याची मंडळी बनवायची. नव्या आवृत्तीत त्यांनी प्रत्येक मजकुराला एकच भाषा निवडणं सक्तीचं केलं. दोन भाषा मिसळल्या की मजकूर अडकायचा.

लगेच वेणूबाईंचा फोन आला. जुन्या हुबळीत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं.

"कौसल्या, तुझी ओसरी माझं लिहिलेलं गिळायला लागली की गं!"

"काय लिहिलं होतंत, वेणूअक्का?"

"गल्लीत गटार तुंबलंय, यारू केळंगिल्ल, कुणी विचारत नाही, एवढंच. मराठी निवडलं तरी नको म्हणतंय, कन्नड निवडलं तरी नको. आता अर्ध्या तोंडानं बोलू काय?"

अशा तक्रारींचा ढीग झाला. कौसल्यानं तो श्रीकांतला पाठवला आणि त्याला व्हिडिओ कॉलवर गाठलं.

"कौसल्याताई, वाचलं सगळं," तो म्हणाला. "पण एकच भाषा असली की शोधायला सोपं जातं. लोकांना लागेल सवय."

"आम्ही भांडतोसुद्धा दोन भाषांत. तुमचा शोध सोपा व्हावा म्हणून ते सोडायचं?"

"नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही वेगळं वागलात तर जोडणी तोडावी लागेल."

"तोडा मग," कौसल्या म्हणाली. तिनं कॉल बंद केला.

सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला होता, आपल्यापुरता कुणीही बदलू शकायचं. तिनं ओसरीपुरती ती सक्ती काढून टाकली. वेणूबाईंचं गटार ओसरीवर झळकलं आणि संध्याकाळी पुण्यानं जोडणी तोडली. पाठोपाठ सांगलीनंही.

सकाळी सदाशिव सर दारात. निवृत्त शिक्षक, रागानं लाल झालेले.

"तुझ्या हट्टापायी माझे सांगलीचे बुद्धिबळवाले तुटले!"

"सर, तुमचं नुकसान झालं, कबूल. पण मी गप्प बसले असते तर वेणूअक्कांसारखी माणसं लिहायचीच थांबली असती."

"हौदु, खरं आहे, आदरू, तरी माझं काय?"

"सर, हे आत्ताचं वाक्य कुठल्या भाषेत टाकू?"

सर चहाला न थांबता निघून गेले. पण घरी जाऊन त्यांनी सांगलीच्या मित्रांना फोन लावले आणि त्या मित्रांनी सांगलीची जागा चालवणाऱ्याच्या मागे पुन्हा जोडणीसाठी लकडा लावला.

निपाणीची जागा सांभाळणाऱ्या संगीतानं आधीच कौसल्याचा बदल उचलला होता. तिच्याकडेही तीच रड होती. थोड्या दिवसांत सांगलीही जोडली गेली.

मग श्रीकांतचा निरोप आला: नुसती महिनाभर सक्ती परत लावा, दाखवण्यापुरती, लगेच जोडतो.

कौसल्यानं उत्तर ओसरीवर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "एक दिवससुद्धा नाही. बदल खुला आहे. हवा तर तुम्हीच घ्या."

पुणे अजून तुटलेलंच आहे.