आत्यानं नाही, मी धरलं होतं

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. दिसत मात्र मी कुणालाच नाही. आईबापाकडून लेकराच्या अंगात जी जनुकं उतरतात, त्यांतला मी एक. बहुतेक माणसांत मी जसा असतो, त्याहून माझ्या लिखाणात एका अक्षराचा फरक आहे. पोटात जंतू शिरले की शरीराच्या फौजेला हाळी द्यायची, हे माझं काम. स्वभावानं मी जरा तापटच!

माझं घराणं पैठणकडच्या मेंढपाळांचं. मी बिरूच्या अंगात होतो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ पडला. डबक्यातलं पाणी पिऊन तळावरची माणसं हगवणीनं आडवी झाली. बिरूला काहीच झालं नाही. "ह्याला दगडबी पचतो," लोक म्हणायचे. ते माझ्यामुळेच, असं मी धरून चाललो. काय मिरवलो मी तेव्हा!

पुढच्या दुष्काळात मेंढरं विकली. बिरू गेल्यावर त्याचा मुलगा अंगद बजाजनगरला आला, कंपनीत लागला. सोबत आई आक्काबाई, बायको आणि धाकटी बहीण रत्नमाला. मी दोघा भावंडांत होतो. अंगदला मी कधी त्रास दिला नाही. रत्नमालेच्या पोटात मात्र माझं डोकं फिरलं. आपलं कोण, परकं कोण, कळेनासं झालं. फौज तिच्याच आतड्यावर तुटून पडली. हे एकट्या माझं काम नव्हे. माझ्यासारखी आणखी जनुकं असतात, बदललेलं खाणंपिणं असतं, डॉक्टरांनाही न उमगलेलं बरंच काही असतं. पण माझाही हात होता, ते कसं नाकारू?

परसाकडे रक्त पडायचं. लाजेपायी तिनं सांगितलं नाही. सांगितलं, तेव्हा घरच्यांनी मूळव्याध समजून झाडपाला दिला. विसाव्या वर्षी पोर गेली. तिची हिरवी ओढणी आक्काबाईनं खुंटीला तशीच ठेवली.

सोळा वर्षं गेली. वस्ती टँकरच्या पाण्यावर आली होती, त्या उन्हाळ्यात अंगदची मुलगी शालू तशीच वाळू लागली. तोच पांढरा चेहरा, तसंच पोट धरून उंबऱ्यात बसणं. आक्काबाई चरकली. "रत्नीनंच धरलंय पोरीला," म्हणाली. उतारे झाले, लिंबं झाली. शालूला त्या खुंटीकडे बघवेना. एकदा ती ओढणीलाच म्हणाली, "आत्या, मी काय केलं गं तुझं?"

अगं बाई, ती नाही, मी आहे! पण मला तोंड कुठलं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी शालू चक्कर येऊन पडली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं व्हायचं का?"

"नाय," अंगद पटकन म्हणाला. पोरीचं लग्न व्हायचं होतं ना!

"खोटं बोलू नगंस अंगद," आक्काबाई कडाडली. "हिच्या आत्यालाबी अस्संच रगत पडायचं. तिनंच धरलंय हिला!"

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "आजी, आत्यानं नाही धरलं. दोघींना एकाच घराण्यातून काहीतरी आलं असेल. सांगा बरं, काय काय व्हायचं तिला?"

सोळा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आक्काबाई सांगत गेली, रडत गेली. मग दुर्बिणीनं शालूचं आतडं तपासलं आणि दुखणं सापडलं. औषधं कायमची लागली, पण पोर पुन्हा कॉलेजला जाऊ लागली.

आक्काबाईनं खुंटीवरची ओढणी काढली, धुतली आणि उराशी धरली. "रत्ने, उगाच आळ घेतला गं तुझ्यावर. माफ कर आईला."

मित्रांनो, मी अजून शालूत आहे. निजलोय, गेलेलो नाही. उद्या तिच्या लेकरात उतरेनही. म्हणून सांगतो, पोटाचं दुखणं लाजून लपवू नका. घरात कोण कशानं गेलं, ते डॉक्टरांना सांगा. आणि मेलेल्यांवर आळ घेऊ नका. त्यांना बोलता येत नाही, आणि मलाही.