देवीची गाडी

गोदूबाईला कुणी वाईट म्हटलं असतं, तर गाव त्याच्या अंगावर धावून गेलं असतं. जिभेवर खडीसाखर, आणि नुसती बोलाचीच कढी नव्हे. ताक मागायला आलेल्याच्या गाडग्यात ही बाई लोण्याचा गोळा टाकायची. महारवाड्यातल्या जिजा सुईणीला तर दर दिवाळीला लुगडं ठरलेलं. गोदूबाईची सगळी पोरं जिजाच्याच हातावर जन्मली होती, आणि आता पोटुशी असलेल्या सुनेचं बाळंतपणही तीच करणार होती.

चैत्रातल्या त्या सकाळी जिजा अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली, तेव्हा गोदूबाई बैलगाडीला आंब्याचे टहाळे बांधत होती. उद्या गावदेवीची जत्रा. देवीला गाडीतून मिरवायचा मान तिच्या नवऱ्याच्या, मालोजीच्या घराचा.

"बाई, माजी लेक हिरू कालपासनं अडलीय," जिजा म्हणाली. "पोर आडवं हाय. माज्या हातानं नाय व्हायचं. कर्जतला डाक्टरकडं न्यायला पायजे. गाडी मिळंल का?"

गोदूबाईनं हातातला टहाळा खाली ठेवला. हिरू लहान असताना याच कडेला बसून तिच्या हातचे लाडू खायची. पण महाराची बाळंतीण बसली की गाडी बाटली. मग देवीचा मान जाणार चुलत दीर नागूच्या घरी, आणि मालोजीला भावकीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. तो नेमका खालापूरला गेलेला, विचारणार कुणाला?

नाही म्हणायची तिला सवय नव्हती. ती लगबगीनं आत गेली आणि वाटीभर तूप अन् स्वतःच्या अंगावरची गोधडी घेऊन आली.

"हिची झोळी करा गं. मऊ हाय, पोरीला टोचायची नाय."

"बापये घाटात रेल्वेच्या कामाला गेल्यात, बाई. दोन म्हातारं हायती घरी."

"मग हळूहळू न्या. आनी कायबी लागलं तर सांग हां, संकोच करू नको."

जिजानं गाडीकडं एकदा पाहिलं, गोधडी उचलली आणि ती गेली.

त्यानंतर गोदूबाईला काही सुचेना. तव्यावर भाकरी करपली. सून काही विचारायला आली, तिच्यावर ती खेकसली. असं आजवर कधी झालं नव्हतं. सारखी ओट्यावर येऊन वाटेकडं बघायची. आपण तूप दिलं, गोधडी दिली, गोड बोललो, मग छाती का धडधडतेय, हे तिला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

बैलांना पाणी पाजून गडी नामा आला. "म्हातारं थकल्यात," तो म्हणाला. "धा पावलं जात्यात आनी झोळी खाली टेकत्यात. पोरीचं ओरडणं नदीपातूर ऐकू येतंय."

गोदूबाईनं गाडीचे टहाळे ओरबाडून काढले. "जुंप बैल."

"मालक काय म्हनतील?"

"त्यांना मी सांगीन. तू जुंप."

ती स्वतः गाडीत चढली. ढेकळांतून हाडं खिळखिळी होईपर्यंत गाडी पळवली. वाटभर तिनं देवीला नवस बोलले, एकाहून एक मोठे. नदीपल्याड करंजाखाली झोळी टेकलेली दिसली, तेव्हा तिला हायसं वाटलं. पण ओरडणं थांबलेलं होतं.

जिजा उठली नाही. "आता गाडी नको, बाई," एवढंच म्हणाली.

गाडी रिकामीच परत आली. बाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी देवी तिच्यातूनच मिरवली आणि मालोजीला मानाचा नारळ मिळाला.

काही दिवसांनी जिजा आली. अंगणाच्या कडेला तिनं धुऊन घडी केलेली गोधडी ठेवली. ती शिव्या देईल, म्हणून गोदूबाई मान खाली घालून उभी होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लई मऊ होती," जिजा म्हणाली. "तुमच्यावानी गोड बाई पंचक्रोशीत नाय."

मग तिची नजर दारात उभ्या सुनेच्या पोटावर गेली.

"सूनबाईला कळा सुरू झाल्या की हाक मारा. रात असली तरी मी यीन."

ती वळून चालू लागली. गोदूबाईला काहीतरी गोड बोलायचं होतं, पण जन्मात पहिल्यांदा तिला शब्द सापडला नाही.